हाती घेतलेले काम

रानात पेरणी झाली की पिकाच्या आधी तण वर येते. यात नवीन काही नाही. पण तण येणार म्हणून कोणी पेरायचेच थांबवले, असे मी अजून ऐकलेले नाही. खुरपे घ्यायचे, सरीत बसायचे आणि तण काढीत पुढे सरकायचे, हीच आपली रीत. चांगल्या कामाचेही तसेच आहे. गावात कोणी सामाईक विहीर खणायला घेऊ द्या, बायकांचा बचत गट काढू द्या, नाहीतर मुलीला पुढे शिकायला तालुक्याला धाडू द्या. काम उगवायच्या आत बोलणी उगवतात. त्या बोलण्यांपायी किती कामे पहिल्या पंधरवड्यातच मोडली असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

मी शेतकरी घरातली बाई. माहेर शेतकऱ्याचे, सासरही शेतकऱ्याचे. दौंड तालुक्यात कालव्याच्या पट्ट्यात आमची चार एकर जमीन आहे. त्यातली अडीच एकर उसाखाली असते. आम्ही ख्रिस्ती आहोत. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते माझ्या श्रद्धेच्या भाषेत सांगणार. दुसरी भाषा मला साधत नाही. पण देवाने हाती दिलेले काम चार लोकांचे बोलणे खाऊन कसे चालवावे, हा प्रश्न काही एका धर्माचा नाही. तो तुमच्याही घरात कधी ना कधी आला असेल.

आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीड, जालना, पाथर्डी, कुठकुठची माणसे. गावाबाहेरच्या पडीक रानात त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत थंडी म्हणायची नाही, ताप म्हणायचा नाही. पहाटे अंधारात फडावर जायचे. मागे कोपीवर राहतात ती पोरे. आठ-नऊ वर्षांची पोर कडेवर धाकटा भाऊ घेऊन चूल सांभाळते. तिच्या गावच्या शाळेच्या पटावर तिचे नाव असते आणि ती असते इथे.

ही पोरे मी लग्न होऊन आल्यापासून पाहते आहे. चार हिवाळ्यांपूर्वी एकदा वाढे आणायला गेले होते. एक मुलगी मातीत काटकीने काहीतरी ओढीत बसली होती. जवळ जाऊन पाहिले तर स्वतःचे नाव. पहिले अक्षर बरोबर होते, पुढची तिला आठवत नव्हती. मागल्या वर्षी येत होती म्हणाली. त्या रात्री मला झोप लागली नाही. देव माणसाशी ढगातून बोलतो की नाही ते मला ठाऊक नाही, पण माझ्याशी तो त्या काटकीने बोलला असे मला आजही वाटते. मी दहावी शिकलेली. तेवढ्यावर बाराखडी आणि पाढे शिकवता येतात. आमच्या मालकांनी एका फळीला काळा रंग देऊन दिला आणि रोज दुपारी दोन तास मी कोप्यांवर जाऊ लागले.

मग बोलणी सुरू झाली.

पाराजवळ एक जण म्हणाला, "वहिनी, ही पोरं शिकली तर उद्या ऊस तोडायला कोण, तुम्ही येणार का?" सगळे हसले. दुसरा म्हणाला, "आता बाईला पुरस्कार पाहिजे." मुकादम गोड बोलला, पण त्याच्या कपाळावर आठी होती. "ताई, पोरं फळ्याकडं पळाली तर जनावरं कोण बघायचं? उगा टोळीत कालवा नको." एका मुलीची आई तर फडातून आली ती कोयता हातात घेऊनच. "बाई, तुम्ही हिला घेऊन बसलात आणि माझं तान्हं कोपीत रडून निळं झालं. असलं शिक्षण नको आम्हाला." घरी सासूबाई म्हणाल्या, "स्वतःच्या कांद्यात तण माजलंय ते बघ आधी." आणि सगळ्यांत जास्त लागले ते वेगळेच. कोणीतरी हळूच सोडून दिले की ही ख्रिस्ती बाई आहे, गरिबांची पोरे गोळा करते, हिचा डाव दुसराच आहे. दुसऱ्या दिवशी एकवीस पोरांतली चार आली.

त्याच सुमारास एका रविवारी आमच्या मंडळीच्या पाळकांनी उपासनेत नहेम्याची गोष्ट सांगितली. लहानपणापासून ऐकलेली, पण त्या दिवशी ती मला नव्याने कळली. नहेम्या हा परक्या राजाच्या दरबारी राजाला प्याला देणारा मानकरी. आपल्या वाडवडिलांच्या यरुशलेम गावाचा कोट पडलेला आहे, वेशी जळालेल्या आहेत, हे ऐकून त्याला रडू आले. राजाची परवानगी काढून तो आला आणि लोकांना घेऊन कोट बांधायला लागला. कित्येकांनी आपापल्या घरासमोरचाच तुकडा बांधायला घेतला. आपण बांधावर आपली हद्द धरून दगड रचतो तसे. त्यात सोनार होते, सुगंधी द्रव्ये करणारे होते, एका अधिकाऱ्याच्या मुलीसुद्धा होत्या. काही मोठ्या लोकांनी मात्र कामाला खांदा लावला नाही, तेही शास्त्रात लिहून ठेवले आहे.

शेजारचे अधिकारी सनबल्लट आणि तोबीया यांना हे काम खुपले. तोबीया म्हणाला, यांच्या भिंतीवर कोल्हा चढला तरी ती ढासळेल. टवाळी करून भागेना तेव्हा त्यांनी हल्ल्याची धमकी दिली. लोकांनी एका हाताने काम केले आणि दुसऱ्या हातात हत्यार धरले. मग त्यांनी नहेम्याला बोलणी करायला मैदानात बोलावले, एकदा नव्हे, चार वेळा. चारही वेळा त्याने एकच निरोप धाडला: हातात मोठे काम आहे, ते सोडून खाली यायला सवड नाही. कोट बावन्न दिवसांत पुरा झाला.

इथवर सगळ्यांना माहीत असते. पण मधला एक भाग आहे, तो आपण घाईने वाचून जातो. कोटाचे काम चालू असताना खुद्द त्याच्याच लोकांत ओरड झाली. दुष्काळ होता. धान्यासाठी कोणी शेत गहाण टाकले होते, कोणी द्राक्षमळा, कोणी घर. राजाचा सारा भरायला कर्ज काढले होते. पोटची मुले-मुली दास म्हणून द्यावी लागत होती. आणि सावकार कोण? त्यांचेच भाऊबंद. नहेम्याने या लोकांना "कामात खोडा घालू नका" असे म्हटले नाही. त्याने सभा भरवली, धनवंतांना सगळ्यांसमोर जाब विचारला आणि शेते, मळे, घरे परत द्यायला लावली, व्याज सोडायला लावले. स्वतः तो अधिकारी होता, पण बारा वर्षे त्याने अधिकाऱ्याचा खाण्यापिण्याचा भत्ताही घेतला नाही.

घरी येताना मी हाच विचार करीत होते. विरोध दोन जातींचा असतो. एक टवाळी आणि दुसरी तक्रार. लांबून दोन्ही सारखीच ऐकू येतात, कारण दोन्हींचा आवाज कडवट असतो. पण टवाळी करणाऱ्याला काम थांबायला हवे असते. तक्रार करणाऱ्याचे कामापायी काहीतरी दुखत असते. नहेम्या टवाळीला भुलून कोटावरून खाली उतरला नाही, आणि तक्रार आली तेव्हा ती ऐकायला त्याने दिरंगाई केली नाही. आपले होते उलटे. टवाळीला उत्तरे देण्यात आपण दिवस घालवतो आणि तक्रार करणाऱ्याला शत्रू म्हणून मोकळे होतो.

मग मी माझ्याकडे आलेले एकेक बोलणे धान्य निवडावे तसे निवडले. पारावरचे हसणे आणि पुरस्काराचे बोलणे ही टवाळी. तिला उत्तर नाही. पण तान्ह्याच्या आईचे खरे होते. लिंबाच्या झाडाला जुन्या लुगड्याच्या दोन झोळ्या बांधल्या आणि सांगितले, धाकट्यांना घेऊनच या. एका हाताने झोळी हलवीत पोरी दुसऱ्या हाताने पाटीवर लिहू लागल्या. मुकादमाचेही निम्मे खरे होते. जनावरांच्या वैरण-पाण्याची वेळ सोडून वर्गाची वेळ ठरवली. सासूबाईंचे तर पुरेच खरे होते. सकाळी लवकर उठून कांद्याचे खुरपण आधी उरकायचे, मग फळा, असा नेम केला. आता धर्माच्या संशयाचे काय? तोही मी टवाळीत टाकला नाही. परक्या मुलुखात पोटासाठी आलेल्या माणसाला आपल्या लेकराबद्दल धास्ती वाटली तर त्यात त्याचे काय चुकले? वर्ग कोपीच्या आत न भरवता लिंबाखाली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा भरवला. तिथे अक्षरे आणि पाढे, दुसरे काही नाही. माझी प्रार्थना मी पहाटे माझ्या देवघरासारख्या कोपऱ्यात करते. तिने मला कामाला लावले, एवढे तिचे काम. महिन्याभरात पोरे पुन्हा सतरा झाली.

आमच्या गावापासून केडगाव काही लांब नाही. पुण्याहून दौंडकडे जाताना रेल्वेचे स्टेशन लागते ते केडगाव. तिथे पंडिता रमाबाईंनी उभे केलेले मुक्ती मिशन आहे. रमाबाईंना जेवढा विरोध सोसावा लागला त्यापुढे माझे चार शब्द म्हणजे काहीच नाही. पण त्यांचे चरित्र वाचताना मला धीर आला, तो का आला ते सांगते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवले, म्हणून शास्त्री-पंडितांनी त्यांना जाब विचारला होता. म्हणजे विरोध सोसण्याचे बाळकडू रमाबाईंना घरातच मिळाले. पुढे दक्षिणेतल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. झाडपाला खाऊन, पाणी पिऊन दिवस काढलेले. भाऊ-बहीण पायी देश पालथा घालीत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हटले. पुढे भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले आणि दोन वर्षे व्हायच्या आत, १८८२ मध्ये, पटकीने तेही गेले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. तिथून अमेरिकेला जाऊन त्यांनी विधवांच्या शाळेसाठी मदत जमवली आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढले. पुढल्याच वर्षी ते पुण्यात आणले.

शाळेत धर्म शिकवायचा नाही असे ठरलेले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, पण दार लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ झाला. 'केसरी'ने कडक टीका केली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. हे लोक काही वाईट नव्हते. रानडे आणि भांडारकर स्त्रियांच्या शिक्षणासाठी स्वतः झटणारे. पालकांना आपल्या मुलींची काळजी होती. रमाबाईंचे म्हणणे असे की मी कोणाला बळजबरीने बोलावीत नाही, आणि माझी श्रद्धा लपवणारही नाही. दोन्ही बाजूंना आपापले सत्य होते. मी ख्रिस्ती असले तरी हे असेच सांगितले पाहिजे असे मला वाटते.

पण त्यानंतर रमाबाईंनी काय केले ते आपण शेतकऱ्यांनी विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. वर्तमानपत्रांशी भांडत बसण्याऐवजी त्यांनी जमीन घेतली. अमेरिकेची मदत दहा वर्षांची होती, ती १८९८ ला संपणार होती. मदत संपली की शाळा बसणार, हे त्यांना दिसत होते. केडगावला त्यांनी सुमारे शंभर एकर माळरान विकत घेतले, विहिरी खणल्या, फळझाडे लावली, की बागेच्या उत्पन्नावर मुलींचे पोट भरावे. टीकेला त्यांचे उत्तर होते ते असे.

बाग धरायच्या आतच १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे रस्त्याकडेला मरत होती. स्वतः दुष्काळातून वाचलेली ही बाई तिकडे गेली आणि पोरक्या मुलींना घेऊन आली. शेकडो मुली झाल्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग. इतक्या मुली शहरात ठेवायची सोय नाही. मग केडगावच्या उघड्या माळावर तंबू आणि झोपड्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या ताटांना रोज दोन वेळा भाकरी! ज्या घरात दहा माणसांचा स्वयंपाक होतो तिथल्या बाईला याचा अर्थ कळेल. मुली विणायला शिकल्या, तेल गाळायला शिकल्या, दुधाचे बघायला शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी शिकवली. इथे मात्र धर्म आडपडद्याने नव्हता. संस्था उघडपणे ख्रिस्ती होती.

आणि ज्या शारदा सदनावर एवढे वादळ उठले, तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी त्याच १८९३ साली लग्न केले. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आपली संस्था काढली, हिंदू समाजात राहून. पुढे महर्षी कर्वे म्हणून त्यांना सारा देश ओळखू लागला. एकाच्या शेतातले बी दुसऱ्याच्या शेतात असे उगवते. रमाबाईंचे काम बंद पाडायला निघालेल्यांना तरी हे कुठे ठाऊक होते?

विरोधाची आणखी एक जात आहे. तिच्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण ती बाहेरून येत नाही. ती म्हणजे आपला स्वतःचा थकवा. मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडतो. कोप्या मोडतात, गाड्या भरतात आणि पोरे निघून जातात. नुकते कुठे जोडाक्षर यायला लागलेले असते. पुढच्या दिवाळीला टोळी तीच येईल याचा भरवसा नसतो. बहुधा नवी येते आणि पुन्हा अ-आ-इ पासून सुरुवात. पाराजवळचे हसणे मला झोपेतून उठवीत नाही, पण त्या मोकळ्या रानातून येताना दर वर्षी मनात येते, वाळूत ओढलेल्या रेघा या. कशाला पुन्हा?

अशा वेळी मी रमाबाईंचे शेवटचे दिवस आठवते. उतारवयात त्या इब्री आणि ग्रीक भाषा शिकल्या, का, तर खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र उतरवावे म्हणून. वर्षानुवर्षे ते काम चालले. छापले त्यांच्याच मुलींनी. १९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. एकुलती एक मुलगी, कामाचा उजवा हात. त्या दुःखातही रमाबाई भाषांतराची मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. आपल्या हातची पुरी छापील, बांधलेली प्रत कोणाच्या घरात जाणार, कोण वाचणार, हे त्यांना दिसणार नव्हते. तरी काम अर्धे टाकले नाही.

संत पौलाने एका पत्रात शेतकऱ्याचीच उपमा दिली आहे. एक लावतो, दुसरा पाणी घालतो, पण वाढवणे देवाकडे. शहरातल्या माणसाला ती उपमा वाटेल. आपल्याला तो रोजचा अनुभव आहे. वडिलांनी लावलेल्या आंब्याची फळे नातवंडे खातात, म्हणून कोणी आंबा लावायचे सोडले आहे का? माझ्याकडून दोन अंकी बेरीज शिकून गेलेली मुलगी कुठल्या गावी, कोणत्या शाळेत पुढे गेली ते मला कधी कळणार नाही. तिला उचलीच्या हिशेबाचा कागद वाचता आला, मुकादमाने एका शून्याने फसवले नाही, तरी माझे चार महिने वाया गेले नाहीत.

काम देवाने दिलेले की आपल्या हट्टाचे, हे कसे ओळखावे असे मला काही बायका विचारतात. विरोध झाला म्हणजे काम देवाचे, असे काही नाही. वाईट कामालाही विरोध होतोच. मी एवढेच पाहते. त्या कामाने कोणा दुबळ्याचे भले होते का? त्यापायी दुसऱ्या कोणाचे नुकसान होत असेल तर ते ऐकून घेण्याइतके माझे कान उघडे आहेत का? आणि नाव झाले नाही, आभार मानले नाहीत, तरी उद्या सकाळी मी तिकडे जाईन का? या तिन्हींना मनापासून हो म्हणता आले, की मग पारावर कोण काय बोलते याची चौकशी करू नये.

तुमच्यापैकी कोणी असे एखादे काम बोलण्यांना कंटाळून बांधावर टाकून दिले असेल. तक्रारींतली खरी असेल ती आधी मिटवा, टवाळीला तिच्या जागी राहू द्या. आणि काम पुन्हा हाती घ्या. तण पुन्हा येईलच, पण खुरपेही आपल्याच हातात आहे.